रणचंडीचा बाप

रामप्रसाद हवालदारांनी चौतीस वर्षं पोलिसांच्या गोपनीय शाखेत काढली, आणि अंबड तालुक्यात ही गोष्ट ठाऊक नसलेला एक माणूस दाखवा म्हटलं असतं तर दाखवता आला नसता. कुठं सभा असली, मोर्चा असला की ते साध्या वेशात हजर. साधा वेश म्हणजे पांढरा बुशशर्ट, खाकी पँट आणि पायात पोलिसी बूट. मागच्या रांगेत टेकले रे टेकले की माईकवरून आवाज यायचा, "गोपनीयवाले आले. त्यांला च्या द्या, मंग सुरू करू." हवालदार चहा घ्यायचे आणि वहीत लिहायचे, 'सभा शांततेत पार पडली.' एकदा वडीगोद्रीच्या सभेत खुर्च्यांची फेकाफेक झाली, त्यातली एक ह्यांच्याच खांद्याला लागली. तरी वर अहवाल गेला तो शांततेचाच, कारण तो सभेच्या आधीच लिहून झाला होता. खांदा मात्र पंधरा दिवस शेकावा लागला.

रिटायर झाल्यावर त्यांनी घरात नोंदी ठेवायला सुरुवात केली. दूधवाला किती वाजता आला, समोरची सून फोनवर कुणाशी किती वेळ बोलली, सगळं तारीखवार. त्यांच्या बायकोनं, दैवशालाबाईंनी, दोन महिने हे सहन केलं आणि मग सांगितलं, "एक तर नोकरी बघा, न्हाईतर मी माहेरी जाते. साठी झाली तरी जाते."

म्हणून ते जालन्याच्या एमआयडीसीत, सोनकणीस सीड्स नावाच्या बियाण्याच्या कंपनीत 'दक्षता अधिकारी' म्हणून लागले.

जालना म्हणजे लोखंड आणि बियाणं. लोखंड चोरायला ट्रक लागतो, बियाणं चोरायला रुमाल पुरतो. त्यामुळं बियाणेवाले एकमेकांवर जी नजर ठेवतात ती पाहून दोन शेजारी देशांनीही शिकावं. सोनकणीसचे मालक काकासाहेब. त्यांची 'रणचंडी' नावाची मिरची पाच राज्यांत जायची. संकरित मिरचीला एक आई लागते आणि एक बाप लागतो. रणचंडीची आई कोण हे सगळ्या जालन्याला माहीत होतं. बाप मात्र काकासाहेबांच्या शीतगृहात, अंगठा लावल्याशिवाय न उघडणाऱ्या दाराआड. बियाणं तयार करायला शेतकऱ्यांच्या शेडनेटमध्ये बापाची रोपं मोजून द्यायचे आणि त्यांची फुलं वापरून झाली की मोजून उपटून न्यायचे.

हा बाप आला कुठून, तर त्याचीही कथा होती, आणि ती कंपनीच्या कॅलेंडरवर दर वर्षी छापली जायची. काकासाहेबांच्या स्वप्नात देवी आली, तिनं त्यांच्या तळहातावर एक लालभडक मिरची ठेवली आणि ती अंतर्धान पावली. कॅलेंडरवर देवी होती, मिरची होती आणि खाली हात जोडलेले काकासाहेब होते. देवीपेक्षा काकासाहेब जरा मोठे छापलेले होते.

जून महिन्यात एका सकाळी ह्या कॅलेंडरखाली अक्षता येऊन बसली.

अक्षता म्हणजे राधेश्यामच्या कंपनीतली ब्रीडर. राधेश्याम एके काळी काकासाहेबांचा भागीदार होता. चौदा वर्षांपूर्वी दोघं फुटले तेव्हा काकासाहेबांनी बियाणं घेतलं, राधेश्यामनं कपाटं घेतली, आणि वाटणी करणाऱ्याला वाटलं की बराबर झालं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या मयतीलाही जाणार नाहीत असं बोलत, म्हणजे आधी मरणार कोण एवढाच प्रश्न होता. त्या राधेश्यामकडं सहा वर्षं काम केलेली ही तिशीची पोरगी समोर बसून शांतपणे सांगत होती, "सोडलं मी तिथलं. नव्या वाणावर माझं नाव टाकतो म्हणले अन् टाकलं पुतण्याचं. हे घ्या."

तिनं टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. आत मूठ-दोन मुठी मिरचीचं बी.

"काय हाय हे?" काकासाहेबांनी विचारलं, पण त्यांचे हात आधीच डब्याकडं गेले होते.

"राधेश्यामशेटचा नवा बाप. ह्याच्यावर बोकड्या येत न्हाई."

बोकड्या म्हणजे मिरचीची पानं आकसून टाकणारा रोग. शेतकऱ्याची आणि बियाणेवाल्याची झोप एकदमच उडवणारा. काकासाहेबांनी त्याच दिवशी अक्षताला अंगठ्याचा हक्क दिला, तिचा बायोडेटा फाइलला लावायला सांगितला, आणि त्यात 'मूळ गाव : धावडा, ता. भोकरदन' असं लिहिलेलं होतं ते त्यांनी वाचलंसुद्धा. पण धावड्यावरून त्यांना काही आठवायचं कारण नव्हतं. मिरची देवीनं दिली होती.

ती बाहेर गेल्यावर त्यांनी हवालदारांना आत बोलावलं.

"हवालदार, जो माणूस तिकडून फुटून आला तो इकडूनबी फुटू शकतो. पोरीवर नजर ठेवा. तिला कळू न देता."

"साहेब, चौतीस वर्षं तेच केलं," हवालदार म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. केलं त्यांनी तेच होतं.

पाळत सुरू झाली. संध्याकाळी अक्षताची जुनी पांढरी गाडी गेटातून बाहेर पडली की मागून हवालदारांची स्कूटर. चौथ्या दिवशी मंठा चौफुलीच्या अलीकडं स्कूटरनं खोकून खोकून जीव सोडला. पुढची गाडी थांबली, मागं आली आणि काच खाली झाली.

"काका, मागंमागं येण्यापेक्षा आतच बसा की. बूट लांबूनच दिसून राह्यले."

हवालदार स्कूटर कडेला लावून आत बसले. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तिच्याच गाडीतून येणं-जाणं सुरू झालं. ही व्यवस्था त्यांनी अहवालात 'संशयितावर अत्यंत जवळून लक्ष ठेवले' अशा शब्दांत लिहिली. गाडीत ती त्यांना दैवशालाबाईंच्या ठेच्याबद्दल विचारायची, ते तिला खुर्ची लागली त्याची गोष्ट सांगायचे. गेटवरचा पहारेकरी अक्षताची पर्स उलटीपालटी करून बघायचा, गाडीच्या चटया उचलायचा, आणि दक्षता अधिकाऱ्याला सलाम ठोकून सोडून द्यायचा.

जुलैमधल्या चतुर्थीला अक्षतानं सुट्टी घेतली. "राजूरच्या गणपतीला जाते," म्हणाली. हवालदारांच्या मनात कुठंतरी खट्‌ झालं, कारण सहा आठवड्यांत ती देवाधर्माचं एक अक्षर बोलली नव्हती. ते भोकरदनच्या येष्टीनं तिच्या आधीच राजूरला पोचले. ह्या वेळी पायात दैवशालाबाईंच्या भावाच्या चपला होत्या, दोन नंबर मोठ्या.

चतुर्थीची गर्दी, नारळांचा खच, पेढ्यांच्या दुकानांवर माश्यांची सभा शांततेत चाललेली. एका दुकानाच्या आडोशाला बाकड्यावर राधेश्याम बसलेला होता. गोरापान, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात पेढ्याचा द्रोण. अक्षता आली, शेजारी बसली. तिनं पिशवीतून नारळ काढला, मग एक कागदी पुडी काढली आणि ती द्रोणात पेढ्यांवर ठेवली.

"हाच बाप?" राधेश्यामनं विचारलं. हवालदार पाठमोरे होऊन फुलांचा हार निवडत होते; ऐकू स्वच्छ येत होतं.

"हाच."

"शाब्बास. म्या सांगितलं होतं ना, रुसून जा म्हणून? काकासाहेब रुसलेल्या माणसाला जल्दी घरात घेतो. त्याची जुनी खोड हाय."

हवालदारांचे कान गरम झाले. फुटून आलेली पोरगी फुटलेली नव्हतीच; राधेश्यामनंच तिला पेरलं होतं. हातातल्या हाराची शेवंती त्यांनी आनंदाच्या भरात एक एक करून कुस्करली, आणि हारवालीनं तो हार त्यांच्या गळ्यात मारला. चौतीस अधिक दीड वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हाती खरं गुपित लागलं होतं.

घरी येऊन त्यांनी खरा अहवाल लिहिला. चार पानी, समासासह. पण काकासाहेब हैदराबादला बियाणेवाल्यांच्या मेळाव्याला गेलेले, आठ दिवस येणार नव्हते. आणि असली गोष्ट फोनवर सांगायची नसते एवढं गोपनीय शाखेनं शिकवलेलं होतं. आठ दिवसांत अजून पुरावा मिळवावा म्हणून रविवारी ते परत अक्षताच्या मागावर निघाले. येष्टीनं भोकरदन, तिथून काळीपिवळीनं धावडा.

धावड्यात त्यांना गाडी शोधावी लागली नाही. गावाच्या कडेला, निळ्या झेंड्याच्या चौकापुढच्या गल्लीत, पत्र्याच्या घरासमोर ती उभी होती. हवालदार समोरच्या लिंबाखाली पेपर उघडून बसले. पेपर उर्दू होता, भोकरदनच्या स्टँडवर तोच मिळाला होता. पाच मिनिटांत घरातून पन्नाशीची एक काटक बाई बाहेर आली, पदर खोचलेला, आणि थेट त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

"जयभीम भाऊ. तुम्ही रामप्रसाद हवालदार ना? घरात चला. लेक म्हणून राह्यली, काका उन्हात बसले. पेपर उलटा हाय तुमचा."

हवालदारांनी जयभीम घातला, पेपर घडी केला आणि मागोमाग चालू लागले. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती बाई बेबीनंदा, अक्षताची आई. तिनं त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. अक्षता आतून आली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. चेहऱ्यावर घाबरल्याचं चिन्ह नाही.

"राजूरला हार लई म्हाग पडला असंल, काका."

"पोरी," हवालदार म्हणाले, आणि आवाज पोलिसी करायचा त्यांनी प्रयत्न केला, "तू राधेश्यामची माणूस हायेस. माह्या खिशात चार पानी अहवाल हाय."

"मी राधेश्यामची न्हाई."

"मंग काय काकासाहेबांची?"

"त्यांचीबी न्हाई. जरा परसात चला."

परसात पाट्यांत रोपं होती. वितीएवढी, गडद, पानाला जांभळी कड. बेबीनंदा रोपांकडं अशी बघत होती, जणू दूरच्या गावाला दिलेली पोर बऱ्याच दिवसांनी माहेरी आली आहे.

"हा रणचंडीचा बाप," अक्षता म्हणाली.

हवालदारांनी सवयीनं रोपं मोजली. मग बेबीनंदानं सांगितलं ते असं.

बत्तीसएक वर्षांपूर्वी, ती लग्न होऊन नवीच आलेली असताना, मोटरसायकलवरून दोन तरणे गडी गावात आले. एक काकासाहेब, एक राधेश्याम. गावोगावची गावरान बियाणी गोळा करत हिंडत होते. दुपारची वेळ. तिचा सासरा भिवा त्यांना म्हणाला, जेवून जा. बाहेरचे कुणी आपल्या घरी जेवत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, तरी म्हणाला. आणि भूक लागलेली असल्यामुळं दोघं जेवले. सासूनं परसातल्या मिरचीचा खुडा, म्हणजे रगडलेला ठेचा, वाढला.

"एकानं घास घेतला अन् जे रडायला लागला म्हणता," बेबीनंदा म्हणाली, "घागर पिऊन टाकली, तरी रडूनच राह्यल्ता. जाताना म्हणले, ही मिरची कुठंच न्हाई, बी द्या. सासऱ्यानं रुमाल भरून दिलं. पुढच्या हंगामाला येतो म्हणले. मंग कशाचे येतात!"

पुढं दुष्काळाच्या दोन सालांत परसातली मिरची वाळून गेली, घरचं बी संपलं. आणि मग गावात शेडनेट आले. बेबीनंदा चिमटा घेऊन मिरचीच्या कळ्या फोडायला रोजानं जाऊ लागली. आईच्या फुलातले केसर काढायचे, बापाचा पराग लावायचा, दोरा बांधायचा, दिवसाला शेकडो फुलं. एक दिवस बापाच्या रोपाचं पान तिनं चुरगळून नाकाला लावलं आणि सुपरवायझरला म्हणाली, "हा तर आमच्या परसातला." सुपरवायझर हसला. बाकीच्या बायाही हसल्या. नंतर कित्येक दिवस बाया तिला विचारायच्या, "बेबीनंदे, आज कुणाच्या परसातला?"

"लेकीलाबी खरं वाटलं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई वाटलं," अक्षता म्हणाली. "मागच्या साली राधेश्यामशेटनं जुनं कपाट दिलं. म्हणले, सगळी रजिस्टरं कम्प्युटरवर घे अन् रद्दीत घाल. त्यात हे निघालं."

तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. निळ्या शाईतलं राधेश्यामचं वळणदार अक्षर. तारीख, आणि खाली : 'धावडा. भिवाच्या परसातली मिरची. पानास जांभळी कड. अतितिखट. काकासाहेब रडले.'

हवालदारांनी ते तीनदा वाचलं. त्यांनी जन्मभरात लिहिलेल्या सगळ्या अहवालांपेक्षा हा चांगला होता.

"रजिस्टर रद्दीत घातलं मी, सांगितल्याप्रमाणं. मंग रद्दीवाल्याकडून परत आणलं. कायदा हाय, काका. शेतकऱ्याचा गावरान वाण शेतकऱ्याच्या नावावर चढवता येतो. पण कागद लागतो अन् बी लागतं. कागद राधेश्यामकडं होता, बी काकासाहेबांकडं. शेट म्हणले रुसून जा अन् बाप घेऊन ये, तं मी लगेच गेले."

"अन् राजूरला पुडीत काय दिलंस?"

"भज्याची मिरची. लांब, फिकी. काकासाहेबांला दिलेल्या डब्यातबी तीच हाय. फळ लागेपर्यंत कुणाला कळत न्हाई, अन् दोघंबी गुप्ततेपायी कुण्या जाणकाराला जवळ फिरकू देत न्हाईत."

हवालदारांना हसू येऊ लागलं होतं, ते त्यांनी मिशीत अडवलं. मग त्यांच्यातला दक्षता अधिकारी जागा झाला. "पण शीतगृहातून बी बाहेर नेलं कसं? गेटवर तुही पर्स रोज तपासत्यात. माह्या देखत."

अक्षतानं पहिल्यांदाच मान खाली घातली. "तुमच्या जेवणाच्या डब्यातून, काका. ठेच्याच्या वाटीखाली. तुमचा डबा कुणी उघडत न्हाई."

परसात कोंबडी तेवढी आपलं काम करून राह्यली होती.

"मला चोर केलंस," हवालदार म्हणाले.

"केलं. त्याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचंच न्हाई वाटत." मग म्हणाली, "काकासाहेबांचं वाटतं जरा. ते मला रोज दुपारी मोसंबी पाठवत्यात. राधेश्यामशेटनं मला काम शिकवलं. कुणाकडं बसलं की त्याचंच मीठ खाऊन राह्यलो असं वाटतं. म्हणून दर रविवारी इथं येते. आईचे हात बघते, मंग सोमवारी परत नीट खोटं बोलता येतं."

हवालदारांनी बेबीनंदाच्या हातांकडं पाहिलं. चिमटा धरून धरून उजव्या हाताची पहिली दोन बोटं कायमची वाकलेली होती, काही न धरता काहीतरी धरल्यासारखी. ती त्याच हातांनी त्यांच्यासाठी भाकरी वाढून घेऊन आली.

परतीच्या काळीपिवळीत, दोन पोत्यांच्या मधे बसून, त्यांनी विचार केला. अहवाल दिला तर आधी आपलाच डबा उघडणार, हे खरं. पण तेवढंच असतं तर त्यांनी डब्याचं पान गाळून अहवाल दिला असता. तशी त्यांना सवय होती. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती स्वतःशी कबूल करायला त्यांना भोकरदन यावं लागलं. जन्मभर गोपनीय शाखेत राहून ठेवण्यासारखं गुपित हाताला कधी लागलंच नव्हतं. आता लागलं होतं, तर ते देऊन टाकायची त्यांची इच्छा होईना.

काकासाहेब हैदराबादहून आले. हवालदारांनी अहवाल दिला : 'संशयिताची हालचाल शांततेत पार पडली.'

ऑक्टोबरात धावड्याच्या परसात लाल मिरच्या लगडल्या. नोंदणीच्या अर्जासाठी कृषी अधिकारी पंचनामा करायला येणार, दोन पंच हवेत, असं अक्षतानं गाडीत सहज सांगितलं. तिनं मागितलं काहीच नव्हतं. हवालदार स्टेशनपाशी उतरताना म्हणाले, "पंच लोकांला धरून आणण्यात माहं आयुष्य गेलं. सही करून बघतो एकदा." त्यांनी धावड्याला जाऊन सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, शाखा, आणि खाली तारीख. कृषी अधिकाऱ्यानं चवीला म्हणून मिरचीचा तुकडा तोंडात टाकला आणि पंचनाम्याचा उरलेला भाग डोळे पुशीत हवालदारांकडून लिहून घेतला.

त्याच आठवड्यात अक्षतानं काकासाहेबांच्या टेबलावर राजीनामा आणि कंपनीचं ओळखपत्र ठेवलं. मागोमाग काकासाहेबांच्या पहारा बसवलेल्या शेडनेटला फळ धरलं. लांबलचक, पोपटी, गरीब स्वभावाची मिरची. पहारेकऱ्यांनी दोन दिवस तिची भजी तळून खाल्ली आणि मग कुणीतरी साहेबांना सांगितलं. राधेश्यामच्या माळावर हाच प्रकार आठ दिवसांनी झाला.

खरा स्फोट थंडीत झाला. सरकारी पत्रिकेत सूचना आली : धावडा येथील बेबीनंदा ह्यांच्या गावरान मिरचीच्या नोंदणीस कुणाची हरकत असल्यास तीन महिन्यांत कळवावी. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा राधेश्याम सोनकणीसच्या पायऱ्या चढला. काकासाहेबांच्या खोलीत दोघं एकमेकांकडं न बघता बसले, मधे वकील हरिओम. दाराशी हवालदार उभे.

"हरकत घेता येईल," वकील म्हणाले. "पण कंपनीनं हा वाण कुठून आणला ते शपथेवर लिहून द्यावं लागेल. कुठून आणला, साहेब?"

काकासाहेबांनी कॅलेंडरकडं बोट दाखवलं. "देवीनं दिला."

"कुठं?"

"स्वप्नात."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "स्वप्नाचा सातबारा निघत न्हाई, साहेब. कुणी साक्षीदार?"

"माह्या स्वप्नात मी साक्षीदार कुठून आणू?"

"मी हाय ना साक्षीदार," राधेश्याम ताडकन म्हणाला. भागीदारीतला आपला हिस्सा स्वप्नात बुडतो की काय ह्या भीतीनं तो पुढं सरकला होता. "दोघं संगं होतो. निम्मा बाप माहा हाय. म्या स्वतः नोंद केल्ती."

"स्वप्नात?" वकिलांनी विचारलं.

"कशाचं स्वप्न! हा तं तिथं बसून ढसाढसा रडल्ता!"

"मी रडलो न्हाई!" काकासाहेब टेबलावर हात आपटून ओरडले. "डोळ्यात गेल्ती! अन् त्या भिवाच्या घरची घागर तूच—"

ते थांबले. खोलीत एवढी शांतता पसरली की हवालदारांना ती अहवालात लिहावीशी वाटली. वकिलांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

काकासाहेब मग वकिलांनी आणलेले अर्जाचे कागद नुसतेच चाळत बसले. पंचनाम्याच्या शेवटच्या पानावर त्यांची नजर अडकली.

"हवालदार, ही सही तुमची?"

"माहीच."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"जुलैपासून, साहेब."

"मंग मला कामून न्हाई सांगितलं? त्याच्यासाठीच तं ठेवलं होतं तुम्हाला!"

"साहेब," हवालदार म्हणाले, "गोपनीय होतं."

त्यांना त्याच दिवशी काढलं. काकासाहेब फार ओरडले नाहीत. दारापर्यंत आल्यावर म्हणाले, "ती पोरगी मोसंबी खायची का फेकून द्यायची?" हवालदार म्हणाले, खायची. काकासाहेबांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

हरकत कुणीच घेतली नाही. पुढच्या सालात बेबीनंदाच्या नावाचं प्रमाणपत्र पोस्टानं आलं. कंपनीला वाणाच्या कमाईतला वाटा धावड्याला देणं भाग पडलं, रणचंडीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत 'मूळ वाण : धावडा' छापणंही. कॅलेंडरवर देवी तशीच राहिली, फक्त तिच्या हातातली मिरची काढून कापसाचं बोंड दिलं गेलं. अक्षताला जालन्यात एकही कंपनी दारात उभी करीना. तिनं गावातच शेडनेट उभारलं आणि चिमटेवाल्या बारा बाया घेऊन स्वतःचे वाण करायला बसली. त्या बायांपैकी कुणीही आता परसावरून विनोद करत नव्हतं, निदान बेबीनंदाच्या समोर.

उन्हाळ्यात हवालदारांना फोन आला. राधेश्यामचा.

"हवालदार, काकासाहेबासारख्या माणसाला तुम्ही तीन महिने गुंडाळलं. मला असाच माणूस पाहिजे. धावड्याला जात जा. पोरगी कशाचा संकर करून राह्यली, तेवढं दर आठवड्याला कळवा."

दैवशालाबाई शेजारीच लसूण सोलत होत्या. "हो म्हणा," त्या म्हणाल्या. "समोरच्या सुनेनं मला परत विचारलं, काका गॅलरीत काय लिहीत बसत्यात म्हणून."

हवालदार हो म्हणाले, आणि सोमवारी धावड्याला जाऊन अक्षताला सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेडनेटच्या सावलीत बाया कळ्यांवर वाकलेल्या होत्या. अक्षता पोटभर हसली. बेबीनंदानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "मंग भाऊ, आता तुम्ही कुणाचे?"

"ते सोडा. आधी लिहू काय ते सांगा. शुक्रवारी अहवाल द्यायचा हाय." त्यांनी वही उघडली.

अक्षतानं जरा विचार केला. "लिहा, संशयित वांग्याच्या झाडावर मिरचीचं कलम करीत आहे. बोकड्या बिलकुल येत नाही."

"वांग्यावर मिरची? पोरी, शेट एवढा येडा न्हाई."

"तुम्ही लिहा तं खरं. अन् वर 'अत्यंत गोपनीय' टाका, लाल पेनानं."

हवालदारांनी लाल पेन मागून घेतलं. पंधरा दिवसांनी राधेश्यामच्या माळावर पहारा बसवून चार एकर वांगी लागली.